पूल उघडला आहे, हे ट्रामला सांगणार कोण?

१/
१ नोव्हेंबर १८९३, पोर्टलंड. १६ नोव्हेंबर १८९५, क्लीव्हलंड. ७ नोव्हेंबर १९१६, बॉस्टन.

अमेरिकेतील तीन शहरे आणि तीन जलमार्ग. तिन्ही वेळा विजेची ट्राम पुलाकडे निघाली आणि पुढे पूल नव्हता. तो कोसळलेला नव्हता, वाहूनही गेलेला नव्हता. जहाजाला वाट देण्यासाठी, ठरलेल्या नियमाप्रमाणे, तो उघडला गेला होता. या तीन घटनांत मिळून ७० माणसे मृत्युमुखी पडली.

२/
उघडणाऱ्या पुलावरून विजेची ट्राम नेणे हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभियंत्यांसमोर आलेले एक विलक्षण कोडे होते. रूळ तोडायचे आणि जोडायचे, तार तोडायची आणि जोडायची, वीज थांबवायची आणि पुन्हा सोडायची. हे सारे त्यांनी थोड्याच वर्षांत साधले. ‘पूल आता उघडा आहे’ ही साधी बातमी धावत्या गाडीपर्यंत खात्रीने पोहोचवणे मात्र त्यांना फार उशिरा जमले. ही त्या उशिराची कथा आहे.

३/
पूल उघडावाच का लागे? त्या काळी शहराच्या पोटातून वाहणारी नदी हेच त्याचे बंदर असे. लाकूड, कोळसा, धान्य, खनिज हे सर्व डोलकाठ्यांच्या आणि धुरांड्यांच्या उंच जहाजांतून शहराच्या मध्यापर्यंत येई. त्यांच्या डोक्यावरून जाईल इतका उंच पूल बांधायचा, तर दोन्ही तीरांवर लांबलचक चढ हवेत, आणि गजबजलेल्या वस्तीत तेवढी जागा कुठून आणायची? म्हणून पूल खुजा ठेवायचा आणि जहाज आले की त्याने बाजूला व्हायचे, हा स्वस्त तोडगा निघाला.

४/
यात पहिला मान जहाजाचा. अमेरिकेत नौकानयनयोग्य नद्यांवर संघराज्याचा अधिकार होता आणि पुलाने जलमार्ग अडवू नये हे तत्त्व प्रस्थापित झाले होते. त्यामागे व्यवहारही होता. प्रवाहात सापडलेले अवजड जहाज जागच्या जागी थांबू शकत नाही. रस्त्यावरची गाडी थांबू शकते, असे सर्वांनी गृहीत धरले होते. गाडीही प्रत्येक वेळी थांबू शकत नाही, हे पुढे पोर्टलंडच्या एका गोठलेल्या सकाळी दिसले.

५/
विजेच्या आधी केबल-ट्राम होती. रस्त्याखालच्या खाचेतून एक अखंड पोलादी दोर सतत फिरत असे आणि गाडी त्याला चिमट्याने पकडून पुढे सरके. हा दोर म्हणजे कित्येक किलोमीटरचे न तुटणारे वेटोळे. तो पुलावरून नेला, तर पूल उघडायचा कसा? दोर कापला की सबंध मार्गच ठप्प!

६/
शिकागोने यावर नदीखालून वाट काढली. शिकागो नदीखाली वॉशिंग्टन स्ट्रीटचा बोगदा १८६९ मध्ये आणि लासाल स्ट्रीटचा १८७१ मध्ये खुला झाला होता. मुळात ते पादचारी आणि घोडागाड्यांसाठी होते. १८७१ च्या महाआगीत असंख्य लोकांनी लासालच्या बोगद्यातून पलीकडचा तीर गाठला. पुढे हेच बोगदे केबल-ट्रामला मिळाले आणि व्हॅन ब्युरेन स्ट्रीटजवळ तिसरा बोगदा खास तिच्यासाठी खणला गेला. पूल उघडो वा मिटो, खालून जाणाऱ्या ट्रामला त्याचे सोयरसुतक नव्हते.

७/
१८८८ च्या फेब्रुवारीत व्हर्जिनियातील रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग यांनी विजेच्या ट्रामचे पहिले मोठे यशस्वी जाळे चालवून दाखवले. डोक्यावर तार, तारेला खालून टेकलेले छोटे चाक, त्या चाकाला गाडीशी जोडणारा ट्रॉलीचा दांडा. तारेतून साधारण ५०० ते ६०० व्होल्टची वीज गाडीत उतरे आणि चाकांमार्फत रुळांतून परत विद्युतकेंद्राकडे जाई. केबलच्या मानाने यात एक मोठी मोकळीक होती. दोर तोडता येत नव्हता, तार तोडता येत होती. म्हणजेच ट्राम आता उघडणाऱ्या पुलावरून जाऊ शकत होती.

८/
त्या काळचा सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे फिरता पूल. नदीच्या मधोमध एक भक्कम खांब, त्यावर रोळांचे वर्तुळाकार कडे आणि त्या कड्यावर तोललेला सबंध गाळा. जहाज आले की गाळा जात्याच्या वरच्या तळीसारखा पाव फेरा घेई आणि प्रवाहाच्या दिशेने उभा राही. खांबाच्या दोन्ही अंगांना जहाजांना वाट मिळे. ट्रामच्या दृष्टीने मात्र अशा एका फेऱ्यात रूळ चार-चार जागी तुटत आणि जुळत. दुहेरी मार्ग असेल तर आठ जागी.

९/
रूळ पुन्हा जुळवणे सोपे नव्हते. उघडलेल्या गाळ्याला टोकांशी आधार नसतो, त्यामुळे तो स्वतःच्या वजनाने दोन्हीकडे किंचित झुकतो. पूल मिटल्यावर टोकांखाली पाचरी सारून ती उचलावी लागत. मग कुलपाचे दांडे आत जात आणि तेव्हाच रूळ एका पातळीत येत. रुळांची टोके तिरपी छाटलेली असत, म्हणजे चाक एकदम आदळता एका तुकड्यावरून दुसऱ्यावर हळूच सरके. तरीही सांध्यावरचा तो ‘खटक’ आवाज ट्रामच्या प्रवाशांच्या ओळखीचा होता.

१०/
त्यात उन्हाची भर. १०० मीटर लांबीचा पोलादी गाळा तापमान ३० अंशांनी वाढले, तर सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबतो. थंडीत नेमका बसणारा पूल भर उन्हाळ्यात अडकू शकतो. म्हणून टोकांशी फट ठेवणे भाग होते. फट फार मोठी झाली की चाकांना हादरा बसे, फार लहान राहिली की पूल मिटता मिटत नसे. लोहाराने भात्याजवळ आणि घड्याळजीने दिव्याखाली करावे, असे दोन्ही प्रकारचे काम एकाच सांध्यात होते.

११/
आता तार. ट्रॉलीचे चाक तारेला खालून दाबत धावते. तार जिथे संपते तिथे ते उसळून बाहेर पडणारच. यासाठी सांध्यापाशी तारेऐवजी धातूची उलटी पन्हळ बसवत. किनाऱ्यावरची पन्हळ आणि पुलावरची पन्हळ एकमेकींसमोर येऊन थांबत. चाक एकीच्या कडांवरून घसरत दुसरीत शिरे आणि पुढे पुन्हा तार पकडे. मधल्या क्षणी वीज तुटे. दिवे मिचकत, मोटरचा सूर खाली येई आणि गाडी केवळ आपल्या वेगावर तेवढे अंतर ओलांडे.

१२/
आणि फिरत्या गाळ्यापर्यंत वीज पोहोचायची कशी? दोन्ही बाजूंनी तुटलेला गाळा म्हणजे बेटच. एक मार्ग होता उंच मनोऱ्यांवरून जहाजांच्या डोलकाठ्यांच्याही वरून तारा नेण्याचा. दुसरा मार्ग नदीच्या तळातून. जाड आवरणाची केबल पाण्याखालून मधल्या खांबापर्यंत येई, खांबातून वर चढे आणि तिथे लवचिक जोडणीने किंवा धातूच्या कड्यांवर टेकलेल्या सरकत्या संपर्काने फिरत्या गाळ्याला वीज देई. परतीच्या विजेसाठी रुळांनाही अशीच अखंड वाट लागे. नाहीतर पुलाचे सांगाडेच वीज वाहू लागत आणि गंजत.

१३/
एवढे सारे जुळवल्यावर यंत्रांचे कोडे सुटले. १८८९ मध्ये पोर्टलंडमध्ये विलॅमेट नदीवरच्या ‘स्टील ब्रिज’ या फिरत्या पुलावरून विजेची ट्राम धावू लागली. पुढच्या काही वर्षांत उत्तर अमेरिकेतील अनेक नदीकाठच्या शहरांत हेच दृश्य दिसू लागले. उरला होता एकच प्रश्न आणि तो कोणाला फारसा मोठा वाटला नव्हता: पूल उघडा असताना गाडी येणार नाही, याची हमी काय?

१४/
हमी होती माणसाची. पुलावरचा रखवालदार फाटक लावी आणि रात्री लाल कंदील टांगी. मोटरमनने ते पाहावे आणि थांबावे. बऱ्याच ठिकाणी आणखी एक नियम होता: पुलाच्या अलीकडे गाडी पूर्ण थांबवायची, कंडक्टरने उतरून पुढे चालत जायचे, पूल मिटलेला आहे हे डोळ्यांनी पाहायचे आणि मग हाताने खूण करायची. रेल्वेमार्ग ओलांडतानाही ट्रामला हीच शिस्त असे. म्हणजे हजारो किलो वजनाच्या विद्युत यंत्राची सुरक्षितता चालत पुढे जाणाऱ्या एका माणसाच्या नजरेवर टांगलेली होती.

१५/
१ नोव्हेंबर १८९३ ची सकाळ. पोर्टलंडचा मॅडिसन स्ट्रीट पूल हा लाकडी पूल होता, जेमतेम दोन वर्षांपूर्वी बांधलेला. नदीवर दाट धुके होते आणि रुळांवर दव गोठले होते. ‘एलवुड’ नावाची आगबोट जात होती, म्हणून गाळा उघडला होता. पूर्वेकडून ‘इनेझ’ नावाची ट्राम कामावर निघालेल्या माणसांना घेऊन आली. उघडी दरी धुक्यातून दिसली तेव्हा मोटरमनने ब्रेक लावले. चाके थांबली, पण गाडी थांबली नाही. ती गोठलेल्या रुळांवरून घसरत नदीत गेली. सात जण बुडाले.

१६/
इथे थोडे गणित आवश्यक आहे. ताशी २० किलोमीटर हा काही मोठा वेग नव्हे, तरी त्या वेगाने गाडी दर सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचे चाक मुळातच कमी पकड धरते. ट्राम इतक्या थोड्या शक्तीत धावते ती त्यामुळेच. हाच गुण थांबताना दोष ठरतो. हिमकणांनी रुळावरची पकड एक चतुर्थांश झाली, तर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. धुक्यात दिसणारे अंतर त्याहून कमी असेल, तर मोटरमन कितीही दक्ष असला, तरी त्याचा निर्णय उशिराच होतो.

१७/
दोनच वर्षांनी क्लीव्हलंड. हे शहर ट्रामच्या इतिहासात मानाचे: १८८४ मध्ये अमेरिकेतील विजेच्या ट्रामचा एक आरंभीचा प्रयोग इथेच झाला होता. कायहोगा नदी या शहराचे दोन भाग करते आणि तिचे खोरे खोल आहे. १८८८ मध्ये खोऱ्यावरून ‘सेंट्रल व्हायाडक्ट’ हा लांब, उंच पूल बांधला गेला. तरी डोलकाठ्यांसाठी त्यातही एक फिरता गाळा ठेवावा लागला. १६ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी तो गाळा उघडा होता आणि फाटक लावलेले होते. ट्राम फाटक तोडून आरपार गेली आणि सुमारे १०० फूट खाली कोसळली. सतरा जणांचा मृत्यू झाला.

१८/
या घटनेने एक गोष्ट निर्विवाद झाली. फाटक ही सूचना आहे, अडसर नाही. पादचाऱ्याला आणि घोड्याला थांबवणारा लाकडी आडवा दांडा धावत्या ट्रामसमोर काडीसारखा मोडतो. पूल जितका उंच, तितकी त्या चुकीची किंमत मोठी.

१९/
तिसरी घटना एकवीस वर्षांनंतरची, म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारी. बॉस्टनच्या फोर्ट पॉइंट चॅनल या जलमार्गावर १८९९ मध्ये समर स्ट्रीटचा पूल झाला. तो फिरत नसे आणि उचललाही जात नसे. त्याचे गाळे रुळांवरून तिरपे बाजूला सरकत, जसे दुकानाचे सरकते दार. ७ नोव्हेंबर १९१६ हा अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस. संध्याकाळी अंधार पडल्यावर, कामावरून परतणाऱ्यांनी भरलेली ट्राम फाटक मोडून उघड्या पुलाच्या कडेवरून थंड पाण्यात गेली. ४६ जण मृत्युमुखी पडले. मोटरमनवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला आणि त्यात तो निर्दोष सुटला.

२०/
तिन्ही घटना नोव्हेंबरमधल्याच असाव्यात, यात केवळ योगायोग पाहणे कठीण आहे. उत्तरेकडील या शहरांत नोव्हेंबरमध्ये दिवस झपाट्याने आखडतो. कामावर जाण्याच्या किंवा परतण्याच्या वेळेत अंधार, धुके, दव आणि हिमकण शिरतात. जहाजे मात्र अजून चालू असतात. क्लीव्हलंडसारख्या सरोवरकाठच्या बंदरात तर पाणी गोठण्यापूर्वीची ही शेवटची लगबग. गाड्या भरलेल्या, पूल उघडे आणि नजर अधू, असा तिहेरी मेळ याच महिन्यात जमे.

२१/
दोष एकट्या माणसाचा होता का? नियम असा होता की माणसाने प्रत्येक खेपेस पुलाकडे नव्याने, संशयाने पाहावे. पण रोज पंधरा-वीस फेऱ्या करणाऱ्या माणसाला पूल बहुतेक वेळा मिटलेलाच दिसतो. शंभरदा मिटलेला दिसलेला पूल एकशेएकाव्या वेळी डोळ्यांना मिटलेलाच भासतो. त्यात वेळापत्रकाचा तगादा आणि मागे ताटकळलेल्या गाड्या. जी व्यवस्था माणसाने कधीच चुकू नये एवढ्याच अटीवर सुरक्षित राहते, ती व्यवस्था अपुरी असते.

२२/
मग वीजच कापली तर? तोही उपाय योजला गेला. पूल उघडायला घेतला की त्याच्या अलीकडच्या तारेच्या तुकड्यातील वीज बंद होई. गाडीचे दिवेही त्याच तारेवर चालत, त्यामुळे अशा तुकड्यात शिरताच गाडी अंधारात बुडे. मोटरमनला यापेक्षा ठळक इशारा कोणता? तरी यात एक उणीव होती. वीज तुटली की मोटर थांबते, वेग थांबत नाही. उतारावरून येणारी गाडी विजेविनाही पुलापर्यंत पोहोचतेच.

२३/
खरा अडसर रेल्वेकडून आला. पुलाच्या बरेच अलीकडे रुळांत एक सांधा बसवायचा आणि पूल उघडताना तो असा फिरवायचा की येणारी गाडी मुद्दाम रुळावरून उतरावी. उतरलेली ट्राम रस्त्याच्या फरसबंदीत रुतते, काचा फुटतात, माणसे जखमी होतात. पण ती पाण्याबाहेर राहते. मोठा अपघात टाळण्यासाठी लहान अपघात स्वतः घडवायचा, असा हा व्यवहारी, किंचित निष्ठुर विचार.

२४/
यालाच जोडून आले इंटरलॉकिंग. पुलाचे कुलूप, फाटक, सिग्नल आणि हा सांधा यांचे खटके एकमेकांत असे गुंतवायचे की क्रम मोडताच येऊ नये. सिग्नल लाल केल्याशिवाय आणि सांधा गाडी उतरवण्याच्या बाजूला वळवल्याशिवाय पुलाचे कुलूप निघणारच नाही. पूल पूर्ण मिटून कुलूप बसल्याशिवाय सांधा सरळ होणारच नाही. रखवालदार घाईत असो वा पेंगत असो, खटका त्याच्या हाताला नकार देतो. कंडक्टरच्या नजरेवर असलेला भार अशा रीतीने लोखंडाने उचलला.

२५/
दरम्यान पूलही बदलत होते. फिरत्या पुलाचा मधला खांब जहाजांना अडचणीचा होता आणि छोट्या बोटीसाठीही सबंध गाळा फिरवावा लागे. शिकागोने १९०२ मध्ये कोर्टलंड स्ट्रीटवर आपल्या पद्धतीचा पहिला उचलता पूल उभारला. दोन तीरांवर दोन पंख, प्रत्येकाच्या मागे प्रतिभार. तागडीसारखा तोल साधलेला असल्याने लहान मोटरही तो पंख उचलू शके. पुढच्या दशकांत शिकागो नदीवर अशा पुलांची रांगच लागली आणि त्यांतील कित्येकांवरून ट्राम धावल्या.

२६/
ट्रामच्या दृष्टीने या पुलाचा मोठा गुण बोलण्यात फारसा येत नाही. फिरता किंवा सरकता पूल उघडला की समोर पोकळी उरते आणि पोकळी अंधारात दिसत नाही. दोन पंखांचा पूल उघडला की रस्ताच उभा राहून भिंत होतो. मोटरमनच्या डोळ्यांसमोर रूळ आकाशाकडे गेलेले दिसतात. चूक झालीच, तर गाडी पाण्यावर जाण्याऐवजी पुलावर आदळते. पुलाची बातमी पूल स्वतःच देऊ लागला. एकाच पंखाच्या पुलाला मात्र हा गुण अर्धाच लागू. त्याच्या समोरच्या तीरावर पोकळीच राहते.

२७/
काही शहरांनी ट्राम आणि जहाज यांची गाठच पडू दिली नाही. शिकागोत १९०० मध्ये नदीचा प्रवाह उलटा वळवल्यावर जुन्या बोगद्यांची छते जहाजांच्या तळाला अडू लागली. १९०६ मध्ये केबल-ट्राम संपली, बोगदे अधिक खोल बांधले गेले आणि १९१० नंतरच्या काही वर्षांत त्यांतून विजेच्या ट्राम जाऊ लागल्या. क्लीव्हलंडने उलट दिशा धरली. १९१७ मध्ये खुल्या झालेल्या डेट्रॉइट–सुपीरियर या उंच, अचल पुलाचा खालचा मजला ट्रामसाठीच होता. जहाजे त्याखालून जात. ट्रामला थांबायचे कारणच उरले नाही.

२८/
पोर्टलंडचे उत्तर सर्वांत चतुर. १९१२ मध्ये नवा ‘स्टील ब्रिज’ झाला: दुमजली, सरळ वर उचलला जाणारा. खाली रेल्वे, वर ट्राम आणि इतर वाहने. छोटी बोट आली तर केवळ खालचा मजला उचलला जातो आणि त्याचा सांगाडा वरच्या मजल्याच्या सांगाड्यात सरकतो. वरची वाहतूक चालूच राहते. मोठे जहाज आले तरच दोन्ही मजले वर जातात. ज्या नदीने ‘इनेझ’ गिळली होती, तिच्यावर आता ट्राम आणि बोट एकाच क्षणी आपापल्या वाटेने जाऊ शकत होत्या.

२९/
रशियातील सेंट पीटर्सबर्गने वेळेची वाटणी केली. नेव्हा नदीवरचे पूल नौकानयनाच्या हंगामात रात्री उघडतात, जेव्हा शहर झोपलेले असते. त्याही आधीचा तिथला प्रसंग अधिक रंजक आहे. रस्त्यांचे हक्क घोड्यांच्या ट्रामवाल्या कंपन्यांकडे होते, म्हणून १८९५ च्या हिवाळ्यात गोठलेल्या नेव्हावर, थेट बर्फावर रूळ टाकून विजेची ट्राम चालवली गेली. बर्फावर ना पूल होता, ना जहाज, ना कोणाचा मक्ता! शहरातील रस्त्यांवर नियमित विजेची ट्राम १९०७ मध्ये आली.

३०/
भारतात हुगळीवर हाच पेच वेगळ्या रूपात दिसतो. हावडा आणि कोलकाता यांना जोडणारा १८७४ चा पूल तरंगता होता; जहाजांसाठी त्याचा मधला भाग बाजूला काढावा लागे. कोलकात्यात विजेची ट्राम १९०२ मध्ये आली, हावड्यात १९०५ मध्ये. पण दोन्ही तीरांची जाळी वेगळीच राहिली. १९४३ मध्ये उंच, अचल असा नवा हावडा पूल झाला आणि त्यावरून जाणारे पहिले वाहन होते एक एकटी ट्राम. तिच्या त्या प्रवासाने दोन्ही तीरांचे रूळ प्रथमच एक झाले.

३१/
शिकागोची शेवटची ट्राम १९५८ मध्ये धावली. अमेरिकेतील बहुतेक शहरांनी त्या सुमारास रूळ उखडले. पण हा इतिहास तिथे संपला नाही. पोर्टलंडच्या त्याच १९१२ च्या ‘स्टील ब्रिज’वरून १९८६ पासून आधुनिक विद्युत गाड्या जात आहेत. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे २०२१ मध्ये खुला झालेला हिसिंगन पूल तर नव्याने बांधलेला, वर उचलला जाणारा आणि ट्राम वाहणारा पूल आहे. रुळांचे तिरपे सांधे, तुटणारी आणि जुळणारी तार, आधी सिग्नल मग कुलूप हा क्रम, हे सारे तिथेही आहे.

३२/
आज अशा पुलापाशी गाडी थांबते तेव्हा प्रवाशांना केवळ दोन-चार मिनिटांचा खोळंबा जाणवतो. पुढे कुणी कंडक्टर चालत जात नाही, कंदील हलत नाही. त्या शांततेमागे एक साधा नियम आहे: गाडीची वाट आधी बंद होईल, पूल त्यानंतरच उघडेल. हा क्रम लोखंडात कोरण्याचे ज्ञान रेल्वेपाशी पूर्वीच होते. तरीही पोर्टलंडच्या धुक्यानंतर क्लीव्हलंड घडले आणि क्लीव्हलंडनंतर एकवीस वर्षांनी बॉस्टनही.